समुद्राचं रीळ

"माप सांग भाऊ, गोष्ट नको सांगू."

मिस्त्रींच्या लेथपुढे कोणी येऊन उभं राहिलं की आधी हे वाक्य यायचं आणि मग शर्टाच्या खिशातून व्हर्नियर निघायचा. गिऱ्हाईक बिचारं शाफ्ट कसा तुटला, कोणामुळे तुटला, त्यावर साडू काय बोलला, सगळं सांगायच्या तयारीने आलेलं असायचं. मिस्त्री खर्रा या गालातून त्या गालात सरकवायचे आणि तुटका तुकडा मोजायला घ्यायचे. असा एखादा मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल. फक्त त्याचा पोरगा त्याच्याशी बोलत असेल.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप. जिनिंगच्या मशिनरीचे आणि पंपांचे सुटे भाग आम्ही करतो. मी स्टोअर सांभाळतो, म्हणजे बोल्ट मोजून देतो आणि दिवसभर कुरकुर करतो. मिस्त्री माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, पण जेवणाचा डबा आम्ही एकत्रच उघडायचो.

त्यांचा एकुलता एक पोरगा विशीत आल्यावर त्यांनी त्याला आमच्याकडेच पॉवर प्रेसवर लावलं. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळीचा गार्ड असतो. गार्ड असला की माल सावकाश निघतो, आणि ऑर्डर घाईची होती. मिस्त्रींनी स्वतः गार्ड खोलला. मी समोर उभा होतो आणि काही बोललो नाही, कारण असं तर सगळीकडेच करतात. चौथ्या दिवशी पोराच्या उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं गेली.

हात बरा झाल्यावर पोरगा कोकणात निघून गेला आणि एका बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला. आईला फोन करायचा. बापाने फोन हातात घेतला की पलीकडून कट व्हायचा. अशी अकरा वर्षं गेली. या अकरा वर्षांत मिस्त्रींनी त्या दिवसाविषयी माझ्याजवळ एक शब्द काढला नाही.

मग एका सकाळी ते स्टोअरच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, मोबाइलवर मासे धरायची चरखी दिसते का?"

"कोणती चरखी? तुम्ही कधी मरळ तरी धरली का?"

"मले नाही पाहिजे. पोराले पाहिजे. त्याची माय सांगत होती, सुट्टीच्या दिवशी खडकावर बसते म्हणे, समुद्रात गळ टाकून. मोठे मोठे मासे धरते." मग खाली बघत म्हणाले, "दोन बोटं नाहीत. चरखीची मूठ कशी धरत असन तो?"

त्या दिवसापासून आमची जेवणाची सुट्टी मोबाइलमध्ये जायला लागली. ही चरखी म्हणजे रीळ, आणि रिळं दोन जातींची असतात हे मला तेव्हा कळलं. एक गळाच्या काठीखाली लटकतं. हलकं असतं, आणि त्याची मूठ काढून डावीकडे लावा नाहीतर उजवीकडे, कुठेही चालते. दुसरं काठीच्या वर आडवं बसतं, लहानशा पिंपासारखं. त्याच्यात ताकद फार, पण मूठ एकाच बाजूला, उजवीकडे, कायमची.

मी म्हटलं, "खाली लटकणारं घ्या. स्वस्त आहे, सोपं आहे."

"ते खेळणं होय. हे पाह्य, याच्या गेरच्या दातऱ्या पाह्य. बाप जर देत असन तर असं द्यावं का पोराच्या पोरानं वापरलं पाहिजे."

"पण त्याला एकदा विचारा तरी. मी लावू का फोन?"

"सांगू नको!" ते एवढ्याने ओरडले की लेथवरची पोरं वळून बघायला लागली. "विचारलं तर नाहीच म्हणन तो. हातात नेऊन देऊ."

पोराचा नंबर काकूंनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, मला कधीचाच दिलेला होता. माझ्या मोबाइलमध्ये तो पडून होता.

वर बसणारं, मोठं, जुनं रीळ आम्ही मागवलं. ते ज्या दिवशी आलं त्याच दिवशी मिस्त्रींनी ते पूर्ण खोललं आणि वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं. नाक मुरडून म्हणाले, "ज्यानं बनवलं त्याले काम येते, पण घाई केली." मग एकेक भाग ते स्वतःच्या हाताने नवा करायला लागले.

मोठा मासा ओढायला लागला की दोरी तुटू नये म्हणून रीळ थोडी थोडी दोरी सोडतं. त्यासाठी आत चकत्या असतात. मिस्त्री त्याला क्लच म्हणायचे. आतल्या चकत्या झिजलेल्या होत्या. त्यांनी जिनिंगच्या रोलरला लागतं ते चामडं आणलं, त्याच्या चकत्या कापल्या, ग्रीसमध्ये मुरवल्या आणि बसवल्या. "सरकीपासून कापूस ओढून काढते हे चामडं," म्हणाले. "माशाले काय सोडते!"

ते तपासायचं कसं? एका रविवारी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर मिस्त्री लोखंडी पाइपला रीळ बांधून उभे राहिले आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या स्कूटीच्या कॅरियरला बांधलं. मासा मी. "पळ! पळ म्हणलं ना!" मी पळवली. मागे रीळ किरकिरत दोरी सोडत होतं आणि पन्नास मीटरवर माझी स्कूटी अशी जड झाली की मी पाय टेकले. चहाच्या टपरीवरचे लोक टाळ्या वाजवत होते. अकरा वर्षांत मिस्त्री हसताना मी तेव्हाच पाहिले.

मग खाऱ्या पाण्याची पंचाईत आली. मी एकदा एका लग्नाला मुंबईला गेलो होतो, एवढ्याच भांडवलावर मी समुद्राचा जाणकार ठरलो. "किती खारं असते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तोंडात गेलं तर थुंकावं लागतं. त्यांनी बादलीत मीठ घातलं, चाखलं, थुंकले, अजून एक मूठ घातली. त्या बादलीला अख्खं वर्कशॉप समुद्र म्हणायला लागलं. तीन आठवड्यांनी भाग बाहेर काढले तर अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी जमलेली. मिस्त्रींनी सगळे स्क्रू स्टेनलेसचे केले, प्रत्येकाखाली प्लास्टिकची पातळ चकती घातली आणि परत समुद्रात टाकले.

पण सगळ्यात जास्त जीव त्यांनी मुठीत घातला. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं सुतळीने तळव्याशी बांधली आणि महिनाभर तसेच वावरले. भाकरी तशीच मोडायचे, ठेचा तसाच लावायचे, तांब्या दोनदा सांडला. सागाची मूठ कोरायचे, धरून पाहायचे, पुन्हा कोरायचे. अंगठ्याला एक खळगा, उरलेल्या दोन बोटांना दोन. एकदा मी म्हटलं, "मिस्त्री, सोडा आता ती सुतळी, हात काळानिळा झाला." ते म्हणाले, "त्याले सोडता येते का?"

दिवाळीनंतर तीन गाड्या बदलून आम्ही दोघं कोकणात गेलो. रीळ त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत. समुद्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. सरळ पाण्यात गेले, बोट बुडवलं आणि चाखलं. मला हाक मारून म्हणाले, "भाऊ, आपलं मीठ जास्त झालतं."

काकूंनी फोनवर कळवलं होतं, म्हणून पोरगा धक्क्यावर भेटायला आला. चांगला गडी झाला होता. मला "जय भीम, काका" म्हणाला. बापाला म्हणाला, "आले का?" टपरीवर चहा सांगितला. त्याने कप डाव्या हाताने उचलला. मला दिसलं. मिस्त्री मान खाली घालून पिशवीची गाठ सोडत होते, त्यांना दिसलं नाही.

रीळ त्यांनी पोराच्या हातात दिलं. पोराने ते उजव्या कोपराच्या बेचक्यात धरलं आणि त्याचा डावा हात आपोआप डावीकडे गेला. तिथे मूठ नव्हती, नुसता गुळगुळीत पत्रा होता.

"मी सगळं डाव्या हातानं करतो, बाबा," तो म्हणाला. "लय वर्षं झाले."

मिस्त्री त्या हाताकडे बघत राहिले. मग घाईघाईने बोलायला लागले. चामड्याच्या चकत्या, स्टेनलेसचे स्क्रू, तीन महिन्यांनी ग्रीस बदलजो. मी त्यांना कोपराने ढोसलं. म्हटलं आता बोला, अहो, त्या दिवसाचं बोला. ते ग्रीसबद्दलच बोलत राहिले.

पोराने रीळ फिरवून फिरवून पाहिलं, चांगलं बनवलं म्हणाला आणि परत दिलं. त्याच्याकडे खाली लटकणारं होतं, डावीकडे मूठ लावलेलं.

"उलटं करून देतो," मिस्त्री म्हणाले. "मूठ डावीकडे. सहा महिने दे मले."

"नको, बाबा."

"देतो म्हणलं ना!"

परतीच्या गाडीत कोल्हापूर येईपर्यंत ते रिळाची पिशवी घट्ट धरून बसले. मग म्हणाले, "भाऊ, गार्डचे चार बोल्ट मीच खोललते. माझ्याच पान्यानं. पोरगा म्हणत होता, राहू द्या बाबा. मीच म्हणलं, तुले कायची भीती वाटून राह्यली, मी हावो ना."

"मग हे त्याला का नाही सांगितलं? आता तर समोर होता!"

"रीळ देल्यावर सांगीन. खाली हातानं कसं सांगू?"

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज स्वतःचा येतो. तो नंबर माझ्या खिशात होता. कोणत्या हाताने करतोस रे बाबा, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

असं रीळ उलटं करायचं म्हणजे नुसती मूठ इकडून तिकडे लावणं नव्हे. आतल्या दातऱ्यांचे दात तिरपे असतात, ते सगळे उलट्या तिरपेत कापावे लागतात. चाकाला मागे फिरू न देणारा खटका असतो, त्याला कुत्री म्हणतात, ती उलटी. दोन्ही बाजूंचे पत्रे उलटे. जवळजवळ अख्खं रीळ नवं. डोळ्यांना आता बारीक दिसत नव्हतं, चार दातऱ्या वाया गेल्या. कामाची वेळ संपल्यावर रोज दोन तास, असे आठ महिने. मी दर आठवड्याला म्हणायचो, नुसता फोन करा. ते म्हणायचे, "फोनवर नाही."

एका शनिवारी त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. मी डाव्या हाताने फिरवलं, आवाजसुद्धा नाही. "पुढच्या हप्त्यात जाऊ," म्हणाले. मंगळवारी सकाळी घरी नळाचं पाणी भरताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत मिस्त्री गेले.

तो नंबर मी लावला तो त्या दिवशी. पोरगा मातीला पोचू शकला नाही, दुसऱ्या दिवशी आला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक पांगले, तेव्हा मी त्याला स्टोअरमध्ये बोलावलं आणि रीळ त्याच्यापुढे ठेवलं. त्याने डाव्या हाताने मूठ धरली आणि फिरवली. बराच वेळ फिरवत राहिला. मला वाटलं, जमलं. मिस्त्री, तुमचं काम झालं.

मी म्हटलं, "बाबा सांगणार होते तुला. गार्ड त्यांनीच खोलला, तू नको म्हणत होतास, हे सगळं ते माझ्याजवळ बोलले. गाडीत. चूक त्यांचीच आहे असंच त्यांच्या मनात होतं रे."

त्याने मूठ सोडली.

"तुमच्यापाशी बोलले?" तो म्हणाला. "तुमच्यापाशी कायले, काका? हात तर माझा होता."

त्याने रीळ माझ्याकडे सरकवलं, आईला सोबत घेऊन जायचं आहे, गाडीची वेळ झाली म्हणाला आणि जय भीम करून निघाला.

रीळ स्टोअरच्या कपाटात आहे. महिन्यातून एकदा मी त्याला ग्रीस लावतो. परवा कोणीतरी म्हणालं, विकून टाका, छान काम आहे. विकू कोणाला? एवढी दोरी ओढून नेईल असा मासा आमच्या सबंध जिल्ह्यात नाही.