काकींची मासळी

"मासळीला काय मालिश करायची हाय? ठेव ते तेल." सापगावच्या आमच्या शेजारच्या काकी माझ्या हातातली बुधली काढून घेत असं म्हणाल्या, तो माझा त्यांच्याकडचा पहिला धडा. दुसऱ्याच्या तवलीत डोकावल्याशिवाय ज्यांना राहवत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकी त्यातल्याच.

मी घाटावरची, चौथीतच शाळा सुटलेली. नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम, म्हणून सापगावला येऊन पडले. लढाईची, टंचाईची वर्षं होती. माझी चार वर्षांची सुमी दिवे लागायच्या वेळी भिंतीला धडकायची, समोरचं ताट चाचपायची. माझ्याच हातून काही चुकलं असेल, असं सारखं मनात यायचं. काकींनी एका संध्याकाळी तिला पाहिलं. "रातांधळं हाय गो. मासळी घाल पोरीला."

घातली. पण आमच्याकडे मटण करतात तशी, मसाला वाटून तासभर रटरटवली. काकींनी तवलीत पळी फिरवली. "मासळी गेली पळून, हाडं इसरली."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला आपल्या चुलीशी बसवलं. नदीची बोटाएवढी मासळी पोट दाबून साफ करायची, मुंडकं मात्र ठेवायचं. लसूण, मिरची, हळद, आमसूल. पळी घालायची नाही, फडक्याने धरून तवलीच फिरवायची. एक उकळी आली की खाली. "माझ्या घरात कोनी अंधाराला भीत नाय," त्या सांगायच्या. नऊ माणसांचं घर, सगळी खणखणीत. तो तोरा त्यांना शोभायचा.

मोठा मासा मिळाला की त्याचं काळीज सासऱ्यांच्या पानात, ही त्या घरची रीत. हळदीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात भाजलेलं. एक दिवस म्हाताऱ्याने पान चाळून पाहिलं.

"माझं काळीज कुठं गेलं?"

"सुमीच्या डोळ्यांत गेलं, मामा," काकी सासऱ्यांना म्हणाल्या.

म्हाताऱ्याने पान बाजूला सारून भात कालवला. पुढे तोच विचारू लागला, "पोरीला पोचलं काय?"

दोनेक महिन्यांनी दिवेलागणीला सुमी उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "काकी आली. डोक्यावर पाटी हाय."

गल्लीच्या तोंडाशी काकी थबकल्या. "पाटीत काय हाय गो?"

"ते कसं दिसंल? पाटी उंच हाय."

काकींनी पदर सारखा केला आणि वरमाईसारख्या ताठ चालत आल्या. आत येऊन मात्र त्यांनी भिंतीकडे तोंड करून पदराने डोळे पुसले.

पुढे नवऱ्याचं काम वऱ्हाडात निघालं, आम्ही लांब आलो. इथेही मी तवलीत पळी घालत नाही. चार वर्षांनी सापगावहून काकी गेल्याचं कार्ड आलं. पहिल्या ओळीनंतर माझ्याने वाचवेना. सुमीने ते दारात उभं राहून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. दिवस बुडाला होता. कंदील लावायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.