ब्रेकवरचा पाय

दादाने आयुष्यभर शाळेची बस चालवली, तीही अशी की मागच्या बाकावर झोपलेलं पोर जागं होऊ नये. निवृत्तीनंतर मात्र त्याने नेमकं उलटं काम अंगावर घेतलं. अंध माणसांसाठी कुत्री तयार करणाऱ्या केंद्रात तो गाडी चालवायला जाऊ लागला. माणूस आणि कुत्रं रस्ता ओलांडायला निघाले, की त्यांच्या वाटेत गाडी घालायची. माणूस ‘चल’ म्हणाला तरी समोर गाडी दिसल्यावर कुत्र्याने हलायचं नाही, हे त्याशिवाय त्याला कळणार कसं? केंद्रातल्या बाई डोळ्यांवर पट्टी बांधून कुत्र्याबरोबर चालत. त्यांच्यासमोर दादाचा हात चांगला बसला होता.

मग त्याची धाकटी बहीण तिथे शिकायला आली. आजारपणात तिची नजर गेली होती. तिला काळी नावाची कुत्री मिळाली, सराव सुरू झाला आणि दादाचं सगळं कसब पाण्यात गेलं. बहीण समोर दिसली की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जाई.

“दादा, तू आधीच थांबतोस,” बहीण म्हणाली. “टायर ऐकू येतात मला.”

“पण काळी थांबली ना?”

“तुझ्यानंतर थांबली.”

बाईंनी त्याला बाजूला घेतलं. “गाड्या आपल्या आपण थांबतात, असं शिकवताय तुम्ही काळीला. चौकात कोण थांबणार आहे? जमत नसेल तर दुसरा ड्रायव्हर बघते.”

बहिणीच्या अंगावर जाणारी गाडी परक्याच्या हातात? “मीच चालवतो,” तो म्हणाला.

रस्त्यावर खडूची रेघ होती. तिच्या अगदी जवळ येईपर्यंत ब्रेक नाही आणि तिच्यापुढे गाडी नाही. बहिणीच्या पाठीशी बाई उभ्या होत्या, कमरेचा पट्टा घट्ट धरून. बहीण म्हणाली, “चल.” तेवढ्यात कुठेतरी शटर आदळलं आणि काळीने मान तिकडे वळवली. दादाला ते काचेतून स्वच्छ दिसलं. पाय ब्रेककडे ओढला गेला, पण त्याने तो हलू दिला नाही. रेघ जवळ आली. काळी गर्रकन वळली, बहिणीच्या गुडघ्यांसमोर आडवी झाली आणि तिने तिला मागे रेटलं. मग दादाने ब्रेक दाबला. गाडी रेघेवर उभी राहिली.

तो गाडीतून उतरून त्यांच्याकडे आला. बहीण काळीचे कान कुरवाळत होती.

“आता बरोबर. पुन्हा कर,” ती म्हणाली.

“आधी पाणी पिऊ दे मला.”

त्या दिवशी त्यांनी पुन्हा केलं, पुढचे कितीतरी दिवस केलं. प्रत्येक वेळी दादाचा शर्ट पाठीला चिकटे. अखेर बहीण काळीला घेऊन एकटी ऑफिसला जाऊ लागली.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. ऑफिसातल्या चहाला कशी चव नसते, ते ती सांगत होती. मध्येच म्हणाली, “आज चौकात एक स्कूटर सिग्नल तोडून आली. मी ‘चल’ म्हटलं होतं, पण काळी जागची हलली नाही.” आणि परत चहावर आली.

दादाने गॅस बंद केला आणि तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. “हं,” तो म्हणाला, “मग पुढे?”