चमचा तिच्या कमरेला

जेवणं झाली की ती मुलांची ताटं बघत नसे, हात बघायची. “हात पाहू दे, बेटा,” म्हणत प्रत्येकाचा उजवा पंजा आपल्या हातात घ्यायची, उलटा करायची, सुलटा करायची, बोटं फाकवून मधल्या बेचक्यासुद्धा बघायची. मनगटापर्यंत माखलेला हात दिसला की “जेवलं पोट्टं” म्हणून त्याला नळाकडे पिटाळायची. हात कोरडा निघाला तरी रागवत नसे. “चलो, उद्या,” एवढंच म्हणायची.

ओजस, सई, तुमची आई तुम्हाला हे वाचून दाखवील तेव्हा मधेच थांबेल. थांबू द्या. यातली निम्मी गोष्ट तिची आहे. उरलेली ओजसची, पण त्याला यातलं काही आठवणार नाही, कारण तेव्हा तो दोन वर्षांचाही झाला नव्हता.

ती जबलपूरला आमच्या अधारतालच्या घरामागच्या गल्लीतल्या अंगणवाडीत सहायिका होती. घरोघर फिरून मुलं गोळा करायची, चटई अंथरायची, वाढायचं, हात धुवायचे, हे तिचं काम. माहेर पांढुर्ण्याकडचं, त्यामुळे इतक्या वर्षांच्या जबलपुरी हिंदीतही तिची मराठी टिकली होती. गल्लीत सगळे तिला दीदी म्हणत. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असलेले तुमचे आजोबाही.

त्या वर्षी तुमच्या आईला, म्हणजे मुग्धाला, डब्लिनमध्ये नोकरी लागली. बाबा तिथे आधीच जाऊन घर शोधत होते. पहिले तीन महिने ओजसला माझ्याकडे ठेवायचं ठरलं. मी म्हटलं, “खुशाल जा. आयुष्यभर पन्नास-पन्नास मुलींचे वर्ग सांभाळले, एक मूल सांभाळता येणार नाही मला?”

आई गेली आणि ओजस, तू तोंड मिटलंस.

मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. फ्रिजवर तक्ता लावला. साडेबाराला जेवण. मऊ भात, गाजर-पालक शिजवून, वाटून, गाळून केलेला लगदा, एकूण वीस चमचे. चमचा उकळत्या पाण्यातून काढलेला आणि स्वच्छ रुमालात गुंडाळलेला. तुझ्या आजोबांनी सदर बाजारातून उंच खुर्ची आणली. खुर्चीसमोर मोबाइलवर गाणारी अस्वलं, डावीकडे ताट वाजवणारे आजोबा, उजवीकडे चमचा घेऊन मी. तू दात आवळून तिघांकडे पाळीपाळीनं बघायचास. आम्ही रोज चार-पाच चमचे आत घालायचो, त्यातले तीन माझ्या साडीवर परत यायचे.

डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण वजन उतरतंय. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू.

त्या संध्याकाळी मुग्धाचा फोन आला. तिचा आवाज अगदी शांत होता, म्हणून मला भीती वाटली. “आई, तीन आठवड्यांत वजन वाढलं नाही तर मी परत येते. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलाय.”

मुग्धा झाली तेव्हा मीही नोकरी सोडली होती. दोन वर्षांनी परत गेले तर माझी जागा दुसऱ्या बाईंना दिलेली होती, आणि त्यांच्या हाताखाली मी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही. म्हटलं, “मेल तसाच राहू दे. पाठवू नकोस.” आणि तक्त्यातले वीस चमचे पंचवीस केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीदी दारात आली. पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करत फिरत होती. दार उघडंच होतं. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं आमचा सगळा कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला. आजोबांचं ताट थांबल्यावर म्हणाली,

“आईजी, लेकरू जेवून नाही राहिलं. पेपर देऊन राहिलं.”

मला राग आला. मी गोड आवाजात विचारलं, “मग कसं भरवायचं, तुम्हीच सांगा.”

तिनं वाटीत बोट बुडवून चाटलं आणि तिचा चेहरा असा झाला, जसा तुझा रोज व्हायचा.

“हे तुम्ही चाखलं काय?”

“मी कशाला? ते त्याचं आहे.”

“अच्छा. अन् तुम्ही कधी जेवता?”

“याचं सगळं आटोपलं की. दोन, अडीच.”

“साहेब?”

“ते एकला. बातम्या बघत.”

“मंग हा एकटाच जेवते. ह्यानं कोणाला जेवताना पाह्यलंच नाही, आईजी. त्याले काय मालूम, हे काहून करतात?”

मी वर्गात हजार प्रश्न विचारले असतील. हा मात्र मला कधी सुचला नव्हता.

तिनं सांगितलं, उद्यापासून अंगणवाडीत या. तिथलं जेवण तिथल्या मुलांचं, तुम्ही आपला डबा आणा. “दोघांचा. अन् मधे बिस्किट नाही.”

आम्ही गेलो. चटईवर रांगेनं वीसेक मुलं, रांगेच्या शेवटी तू आणि तुझ्या शेजारी मांडी घालून मी. माझ्या गुडघ्यांनी कुरकुर केली. मी रुमालातून चमचा काढला. दीदी वाढत वाढत आली, तिनं तो माझ्या हातातून अलगद घेतला आणि आपल्या कमरेला खोचला.

“माझ्यापाशी राहू द्या.”

“अहो, त्याला हातानं येत नाही!”

“तुम्हाला तर येते ना? तुम्ही जेवा.”

माझी खरी अडचण तिला ठाऊक नव्हती. आमच्या घरी माझ्या वडिलांच्या वेळेपासून काट्या-चमच्यांनी जेवायची पद्धत. त्या चटईवर मी चार बोटांच्या टोकांनी भात उचलत होते आणि डोळे तुझ्यावर. तू लगद्याकडे पाहिलं नाहीस. मुलं उठली. दीदीनं तुझा हात उलटसुलट केला. कोरडा. “चलो, उद्या.”

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा धीर सुटला. तू भुकेनं किरकिरत होतास. मी डबा उघडला, दोन बिस्किटं तुझ्यासमोर ठेवली आणि कुणी पाहत नाही ना म्हणून खिडकी लावून घेतली. माझ्याच घराची खिडकी! दुपारी तुझे हातपाय पुसून, केस विंचरून तुला नेलं. दीदीनं जेवणाआधीच तुझा पंजा धरला, बोटं फाकवली. बेचक्यात बिस्किटाचा वाळलेला राप.

मी मान खाली घातली. उशिरा वही आणणाऱ्या मुली माझ्यासमोर अशाच उभ्या राहायच्या.

पण ती तर हसत होती. “तुम्ही भरवलं काय हे?”

“नाही. त्याचं त्यानंच...”

“मंग येते ना त्याले!” तिनं तुझा पंजा वर धरून अख्ख्या चटईला दाखवला. “पाहा रे, ह्याचा हात चालते!”

चौथा, पाचवा दिवस. लगदा जायचा तसा परत यायचा. मी तिच्याशी वाद घालत असे. एकदा एका मुलीनं ताटात दोन घास टाकून दिले, तरी दीदीनं तिला शाबासकी दिली. मी म्हटलं, “आमच्याकडे पान स्वच्छ केल्याशिवाय उठू देत नाहीत. तिनं टाकलंय.”

“टाकलं नाही, थांबली. पोट भरलं ते तिचं तिले समजलं. सारं सफाचट केलं असतं तर मले वाटलं असतं, मीच कमी वाढलं.”

“पण मग चांगलं जेवण झालं हे ठरवायचं कशावरून?”

“हात भरला पाहिजे. जरा उरलं पाहिजे. अन् उठताना रडं नाही पाहिजे.” मग माझ्या डब्याकडे बघून म्हणाली, “अन् जे आपल्याले नाही खाववत, ते लेकराले काहून द्याचं?”

सहाव्या दिवशी सकाळी मला वरणफळं खावीशी वाटली. तूरडाळीच्या पातळ वरणात कणकेच्या शंकरपाळ्यांसारख्या फळ्या शिजवतात, ती. कितीतरी वर्षांत केली नव्हती, कारण आजोबांना आवडत नाहीत. तुझ्यासाठी तक्त्यातला लगदा केला आणि माझ्यासाठी हिंगाची फोडणी घातलेली वरणफळं, वर तूप.

चटईवर बसले, झाकण काढलं, ताटात वाढून घेतलं आणि वास आला. पाच दिवस अर्धवट जेवत होते. ओजस, खरं सांगते, त्या क्षणी मी तुला विसरले. वजन विसरले, मेल विसरले. पाची बोटं घातली, फळी मोडली, भुरकले. वरण मनगटावरून ओघळलं ते चाटलं. दुसरा घास, तिसरा.

चौथ्या घासाला ताटात माझ्या हाताशेजारी दुसरा एक हात होता.

लहानसा, गुबगुबीत नव्हे, त्या दिवसांत जरा सुकलेलाच. त्यानं एक फळी पकडली, ती निसटली. पुन्हा पकडली. अर्धी तोंडात गेली, अर्धी हनुवटीवर. तू ती चावलीस. माझ्याकडे बघितलंस आणि परत हात घातलास.

मी सवयीनं ओरडले, “दीदी, चमचा!”

वाढण्याचं पातेलं हातात घेऊन ती दोन ढांगांत आली, माझ्या आणि तुझ्या मधे वाकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “चूप बसा, आईजी. जेवत राहा. त्याच्याकडे पाहू नका. ताट थोडं तिकडं सरकवा.”

मी ताट सरकवलं. डोळ्यांत पाणी आलेलं, नाक वाहतंय, हात खरकटा, पुसायची सोय नाही. तरी जेवत राहिले. तू माझ्या ताटातल्या सहा फळ्या खाल्ल्यास. मोजू नका असं तिनं सांगितलं होतं, पण तेवढं मी मोजलंच. सातवी हातात धरून बघितलीस, ताटात ठेवलीस आणि उठून उभा राहिलास. रडला नाहीस.

दीदीनं तुझा हात धरला. उलटा, सुलटा. कोपरापर्यंत वरण. तिनं बेचक्या बघितल्याच नाहीत. “आज जेवलं पोट्टं!” म्हणाली, आणि वीस मुलांनी कारण न समजता टाळ्या वाजवल्या.

त्या दुपारी मी फ्रिजवरचा तक्ता काढला. आजोबांच्या बातम्या बंद केल्या. साडेबाराला तिघं एकाच सतरंजीवर बसायला लागलो. आजोबा वरणफळांना नावं ठेवत दोनदा मागून घ्यायचे.

तीन आठवडे पुरे झाले त्या दिवशी दीदी सुट्टी काढून आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आली. काटा थांबला. मी म्हटलं, “पुन्हा एकदा करा.” पुन्हा केलं. मी म्हटलं, “बूट काढून करा.” डॉक्टर हसले, पण त्यांनी केलं. तिन्ही वेळा वाढलेलंच, बूट काढूनसुद्धा चारशे ग्रॅम. दीदी दवाखान्यातल्या अनोळखी बायांना सांगत सुटली, “हमारा लड़का है, चार सौ ग्राम!”

मी तिथूनच मुग्धाला फोन लावला. “तो मेल पुसून टाक.”

तिनं रडत रडत विचारलं, “आई, तू त्याला भरवलंस तरी काय?”

“मी काही भरवलं नाही,” मी म्हटलं. “मी जेवले.”

याला आता नऊ वर्षं झाली. तुमची आई आज तिच्या कचेरीत कुठल्या खुर्चीवर बसते ते तुम्हाला माहीत आहे. सई, तू तर जन्मापासून सगळ्यांच्या ताटातलं ओढून खातेस, त्यामुळे तुझ्या वेळी मला कुणाचा सल्ला घ्यावा लागला नाही.

मागच्या वर्षी दीदी कामातून मोकळी झाली. मुलाचं दुकान शहपुऱ्याला, नात झालेली. तिकडेच राहायला गेली. अंगणवाडीत आता नवी मुलगी आहे, चांगली आहे, ती ताटं बघते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी दीदीला जेवायला बोलावलं. निरोपाचं जेवण म्हणून टेबलावर चांगल्या प्लेटी काढल्या, मधे वरणफळांचं भांडं. ती खुर्चीवर अवघडून बसली, मग जेवायला लागली आणि सैलावली. तिनं शेवटची एक फळी उरवली. मीही एक उरवली.

मी उठणार तेवढ्यात तिनं माझा हात धरला. पंचाहत्तरीतला माझा हात तिनं उलटा केला, सुलटा केला, बोटं फाकवून बेचक्या बघितल्या. वरण मनगटाच्या खाली उतरलं होतं.

मग तिनं डाव्या हातानं कमरेशी चाचपलं, पहिल्या दिवशी माझ्या हातातून घेतलेला तो स्टीलचा चमचा काढला आणि माझ्या प्लेटीशेजारी ठेवला.

“घ्या, आईजी,” ती म्हणाली. “आता देते.”