चहाच्या गाडीवरचा काबुली

परवा माझा नातू टीव्हीवरची बिस्किटाची जाहिरात बघून पोट धरून हसत होता. जाहिरातीत एक चिनी माणूस होता, बारीक मिशांचा, उठता-बसता कमरेत वाकणारा, आणि बिस्किट काड्यांनी उचलायला जाऊन बशीच पाडणारा. सूनबाई म्हणाली, हा चक्क अपमान आहे, कंपनीला कळवायला हवं. मुलगा म्हणाला, गंमत आहे, गंमत म्हणून बघ. मग दोघंही माझ्याकडं बघायला लागले, मी जशी काही पंचच. मी म्हटलं, आधी मला चहा द्या. चहा आला आणि मला नळदुर्ग आठवलं.

लग्न होऊन मी नळदुर्गात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. माहेर आळंदकडचं, घरात सगळं कानडी. त्यामुळं मी मराठी बोलायला तोंड उघडलं की सासरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, किराणा दुकान होतं आणि वर माडीवर आम्ही राहायचो. नव्या सुनेनं दुकानात उतरायचं नाही असा नियम होता, पण माडीच्या खिडकीबद्दल कुणी काही म्हटलेलं नव्हतं. तिथून दुकानाचा ओटा आणि पुढचं बाजाराचं मैदान दिसायचं. बाजाराच्या दिवशी माझ्या भाकरी करपायच्या त्या या खिडकीपायी.

ओट्याच्या कोपऱ्यावर दर बाजाराला एक काबुली हिंगवाले बसायचे. गाव त्यांना चाचा म्हणायचं. तरुणपणी हिंग-बदाम विकत विकत आले ते इथंच राहिले. इथल्याच घरातली बायको केली, लेकी आसपासच्या गावांत दिल्या. डोक्यावर त्यांच्या मुलखाचा मोठा साफा तेवढा उरला होता, बाकी माणूस पार नळदुर्गचा. मामंजी आणि ते दिवसभर ओट्यावर वाद घालायचे. विषयाची अडचण कधी पडली नाही. पाऊस संपला की जवारी, जवारी संपली की करोडगिरीच्या नाक्यावरचे जकातवाले. चाचांचा काचेचा ग्लास ओट्यावरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. तेव्हाची रीतच तशी होती आणि तिचं कुणाला काही वाटत नसे. गुळाचा खडा गालात धरून त्या ग्लासातून ते बिनदुधाचा चहा प्यायचे. खरं तर आमच्या घराला चहाची चव लावली ती त्यांनीच. त्याआधी मामंजी चहाला काढा म्हणायचे.

पापडाच्या दिवसांत चाचा हिंगाची पुडी घेऊन जिन्याच्या तोंडाशी यायचे आणि मला हाक मारून सांगायचे, "बेटी, कोरड्या डब्यात ठिव, न्हायतर वास उडंल." मी माझ्या कानडी वळणानं काही विचारलं तर ते हसत नसत. माझंच वाक्य सरळ करून मला परत ऐकवत, आणि मी ते मनात घोकत वर यायची. नळदुर्गची मराठी मी अर्धीअधिक एका काबुल्याकडून शिकले.

मग मामंजींनी सोलापूरच्या एका चहा कंपनीची एजन्सी घेतली आणि कंपनीनं जाहिरातीसाठी बाजारात गाडी पाठवली. कागदी पताका लावलेली बैलगाडी, वर ग्रामोफोनचा भोंगा, आणि जमलेल्या माणसाला एक कप चहा फुकट. एवढ्यावर गर्दी झालीच असती. पण गाडीवर सोंगही होतं. ढगळ सलवार, कापसाची दाढी, पोटावर उशी बांधलेला एक काबुली आला. त्याला म्हणे चहा कसा करतात तेच ठाऊक नव्हतं. त्यानं कोरडी पूड मुठीनं तोंडात कोंबली, थू थू केलं आणि चहावाल्याच्या मागं काठी घेऊन धावला. मग चहावाल्यानं त्याला कपभर चहा पाजला आणि तो शेळीसारखा गरीब झाला.

लोक लोळायचे बाकी राहिले होते. मीही हसले. नकलाकार चांगलाच होता, त्याला नावं ठेवायची माझी अजून तयारी नाही. आणि खाली ओट्यावर चाचांचे खांदेही हसण्यानं हलत होते, ते मी वरून स्वच्छ पाहिलं.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "चाचा, तुमचा भाऊ आला बघा." सगळं मैदान मागं वळलं. लाल पटके, टोप्या, बायकांचे पदर, सगळ्यांची तोंडं आमच्या ओट्याकडं. हसू तेच होतं, फक्त ते आता गाडीवरून चाचांवर आलं होतं. चाचांच्या तोंडावरचं हसू काही गेलं नाही. ते तसंच ठेवून त्यांनी पिशवी आवरली, मामंजींना सलाम केला आणि ते उतरून गेले.

पुढच्या बाजाराला ते ओट्यावर आले नाहीत. वेशीपाशी गोणपाट टाकून बसले. त्याच्या पुढच्या बाजारालाही तेच. कोनाड्यात ग्लास पालथा पडून राहिला. मामंजी गिऱ्हाइकांवर डाफरायला लागले, दुपारचं अर्धं जेवण ताटात टाकून उठायला लागले. भांडायला माणूस नसला की काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. चाचा आता कधीच आले नाहीत तर, असं माझ्याही मनात यायचं. माझं बोलणं न हसता ऐकणारं त्या गावात दुसरं होतं कोण?

शेवटी मामंजी वेशीवर जाऊन आले. जेवताना त्यांनी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सगळं सांगितलं. मी वाढत होते. चाचांनी तिथं त्यांना बसायला जागा दिली होती, घरच्यांची चौकशी केली होती, आणि म्हणाले होते, "नक्कल झकास होती अप्पा, म्या बी हसलो. पण लोकं त्येला बघायचं सोडून मला बघाया लागली. इतकी सालं झाली, मला वाटायचं आता मी कुणाला दिसत न्हाय."

मामंजींना यातलं शेवटचं काही उमगलं नव्हतं. एवढं मनाला काय लावून घ्यायचं, ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आत्याबाई ताटाकडं बघत म्हणाल्या, "तुमच्याकडं कधी कुणी मान वळवून बघितलंय का?"

मामंजी हट्टी. बघू दे की, मला काय धाड भरणार आहे, असं म्हणून उठले. गाडी पुन्हा येणार होती. कंपनीच्या माणसाला त्यांनी बजावलं, काबुली नको, या खेपेला वाणी दाखवा. त्या माणसाला काय, वाणी तर गावोगाव असतो. आणि आत्याबाईंनी चाचांच्या बायकोकडं निरोप धाडला की घरातला हिंग संपलाय. तो संपलेला नव्हता, हे डब्याला माहीत आणि मला.

बाजाराच्या दिवशी त्याच नकलाकारानं तीच उशी पोटावर बांधली. कपाळावर भस्माचे पट्टे ओढले, डोक्याला टोपी घातली आणि वाणी होऊन आला. आलेल्या पाहुण्याला त्यानं उकळलेलीच पूड पुन्हा उकळून पाजली, मग ती उन्हात वाळवली आणि पुड्या बांधून विकायला काढली. आता हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे, पण आमच्या माडीवर त्या घटकेला सुपात चहाची उकळलेली पूड वाळत होती. गावाला आमचं सूप खालूनही दिसायचं. हसण्यानं मैदान दणाणलं. मामंजी मांडीवर थाप मारून सगळ्यांच्या वर हसत होते.

मग हाक आली, "अप्पा, वळखलं का?"

मैदान पुन्हा वळलं. तेच पटके, त्याच टोप्या, तेच पदर. मी वरून बघत होते, मामंजींच्या गुळगुळीत टाळूवर लाली चढत कानांपर्यंत उतरली. हसू त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं. मांडीवरचा हात मात्र तिथंच राहिला, त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. मला त्यांचं हसू आलं नाही, दया आली.

आणि तेव्हा मला तो साफा दिसला. गर्दीच्या कडेला, हिंगाची पुडी हातात घेऊन चाचा उभे होते. सगळं गाव आमच्या ओट्याकडं बघत होतं आणि ते एकटे समोर गाडीकडं बघत उभे होते. गाडीवर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, नकलाकारसुद्धा ओट्याकडंच बघत होता. चाचांनी मान वळवली नाही.

मामंजींनीही ते पाहिलं असावं. लोक पांगायच्या आत ते ओट्यावर उठून उभे राहिले, कोनाड्यातला ग्लास काढला आणि स्वतःच्या धोतरानं पुसायला लागले.