करंगळीच्या भरवशावर कंपनी

आमच्या कंपनीचा पत्ता बाल्टिक समुद्राच्या काठचा आहे. मी समुद्र पाहिलेला नाही. म्हणजे एकदा नाटकाच्या पडद्यावर पाहिला होता, पण त्याला मधोमध भोक होतं आणि त्यातून आमचा पेटीवाला दिसत होता. त्या खऱ्या समुद्राच्या काठी, एका इवल्याशा देशात, आमची नोंदलेली कंपनी आहे. मालकीण कधी तिकडे गेलेली नाही. मीही नाही. आमची पत्रं मात्र तिथे जातात.

सिंदेवाहीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की मी खलनायक होतो. मागल्या हंगामात मी एका सुनेला विहिरीत ढकललं, तेव्हापासून काही म्हाताऱ्या बाया आधार कार्डाची झेरॉक्स माझ्या हातात देताना अजून कचरतात. मला ते आवडतं. कलावंताला याहून मोठी पावती कोणती?

तर कंपनी. गडचिरोलीच्या बाजूला, जंगलातल्या एका गावात एक बाई बांबूकाम करते. वय माझ्याहून दहाएक वर्षांनी जास्त. तिच्या बोटांतून टोपली उतरताना पाहिली की आपण आजवर हात फक्त जेवायला वापरले याची लाज वाटते. मी मोबाइलवर तिचे काही व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकले होते. एके दिवशी युरोपातल्या एका हस्तकला शाळेचं पत्र आलं. शाळा सगळी ऑनलाइनच चालते. या बाईंचे धडे आम्हाला हिवाळ्याच्या वर्गासाठी हवेत, असं त्यात लिहिलं होतं. अट एकच: करार होईल तो तिकडच्या कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीशी, आणि वर्गाची यादी लागण्याआधी.

मी शोधायला बसलो आणि तो इवलासा देश सापडला. काय दिलदार देश! म्हणतो, तुम्ही तुमच्या घरीच राहा, आमच्याकडे यायची गरज नाही, कंपनी मात्र खुशाल आमच्याकडे काढा. अर्ज ऑनलाइन. पासपोर्ट, फोटो, कंपनी कशासाठी हवी ते चार ओळींत. मग दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीत स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊन एक कार्ड घ्यायचं. त्या कार्डावर घरबसल्या सह्या करता येतात. पत्त्यासाठी आणि सरकारी पत्रं घेण्यासाठी तिकडचा एक माणूस फी देऊन नेमायचा. झालं.

मी इतका हरखलो की चंद्रपूरला जाऊन आधी व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. नावाखाली ‘इंटरनॅशनल डायरेक्टर’. बायकोने एक कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘नाटकात डायरेक्टरनं कदी घेतलं नाई तुमाले, आता सोताच झाले काय जी?’’

पण गावाचा होकार अजून मिळायचा होता. त्या गावात बांबू कोणा एकाचा नाही. जंगल गावाचं, म्हणून त्यातून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट ग्रामसभेपुढे येते. तिथे हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळे बसतात, बोलतात, आणि शेवटचा माणूस ‘माहं काई म्हणणं नाई’ म्हणेपर्यंत उठत नाहीत. मी दुपारी आंब्याखाली उभा राहून तासभर भाषण केलं. युरोप समजावला. समुद्रसुद्धा हातवाऱ्यांनी दाखवला. लोक रंगून गेले होते. मग बाईनं विचारलं,

‘‘मालक कोन लिवलं भाऊ?’’

‘‘सध्या मी. सोयीसाठी.’’

‘‘काऊन?’’

‘‘पासपोर्ट माह्यापाशी हाये ना बाई.’’

‘‘हात माहे, बांबू गावाचा, अन् मालक तुमी?’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘नाटकातबी तुमी पयल्या अंकात असेच गोड बोलता.’’

आंब्याखाली असा हशा उठला की माझ्या खलनायकीच्या वीस हंगामांत तेवढा मिळाला नव्हता. शेवटी ठरलं ते असं: मालकीण बाई. डायरेक्टर मी, कारण फॉर्म मला भरता येतात. बाईचं नाव लागलं तर कंपनी, नाही लागलं तर कंपनीच नको, धडेही नकोत. शेवटच्या म्हाताऱ्यालाही काही म्हणायचं नव्हतं. ते लिहिलं गेलं, आणि खाली सगळ्यांच्या सह्या.

म्हणून बाईचा पासपोर्ट काढायला घेतला. गावातला पहिला. चंद्रपूरला बाईने मशीनवर बोटं ठेवली आणि मशीन गप्प. बांबूच्या कामट्या ओढून ओढून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. आमच्या बांबूकाम करणाऱ्यांचं हे नेहमीचंच; रेशनच्या दुकानातही तिच्याऐवजी सून अंगठा लावते. तिथल्या साहेबाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करून, शेरा मारून कसंबसं पुढे ढकललं. आम्ही दिल्लीचं सांगितलं तेव्हा म्हणाला, ‘‘वकिलातीत इतकं कुणी थांबणार नाही. महिनाभर हातांना आराम द्या. रेषा परत येतात.’’

सांगणं सोपं होतं. पण ज्या बाईने ताप असतानाही काम सोडलं नव्हतं, तिला महिनाभर रिकामं बसायचं होतं. सगळं गाव राखणीला लागलं. येणारा-जाणारा म्हणे, ‘‘हात दाखव.’’ ती तळहात पुढे करी, शाळेतल्या मुलीसारखी. सून सकाळ-संध्याकाळ मोहाच्या बियांचं तेल चोळी. भाजी चिरायची नाही, भांडी घासायची नाहीत, विळ्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तर ती अंगणात बसून शेजारणीच्या टोपलीकडे पाहत होती, उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे पाहतो तशी.

‘‘कसं चालू हाये बाई?’’

‘‘मालकीण होऊन राह्यली,’’ ती म्हणाली. ‘‘लय कंटाळ्याचं काम हाये.’’

महिना झाला तेव्हा मी भिंग घेऊन तिची बोटं तपासली. रेषा आल्या होत्या! फिकट, पण होत्या. मी आनंदाने अंगणात गिरकी घेतली आणि शेणाच्या पोवात पाय दिला.

चंद्रपूरहून आम्ही दिल्लीच्या गाडीत बसलो. माझी बायकोही सोबत होती, कारण तिच्या मते आम्हा दोघांत शहाणं माणूस एकही नव्हतं. रात्र झोपेत गेली. सकाळी चहा झाला आणि मी दोन डबे पलीकडे गेलो. तिथे गोंदियाकडचे काही प्रेक्षक, म्हणजे प्रवासी, भेटले. त्यांना विहिरीचा प्रवेश करून दाखवण्यात दोन-तीन तास गेले. परत आलो तर माझी बायको गाढ झोपलेली, आणि खिडकीशी बसलेल्या बाईच्या मांडीवर ओंजळीएवढी टोपली. काठ वळायचा तेवढा बाकी.

मी टोपलीकडे बोट दाखवलं.

‘‘बाई! हे काय?’’

‘‘त्या साहेबासाठी,’’ ती म्हणाली. पिशवीत कामट्या तिने घरूनच, शेजारणीकडून सोलून घेऊन, आणल्या होत्या. ‘‘पयल्यांदा कोनाच्या घरी चाललो. रिकाम्या हातानं कसं जावाचं?’’

‘‘अवो, ते घर नाई! वकिलात हाये!’’

‘‘लोकं बसतेत का नाई तिथी?’’

तिने काठ वळला आणि टोपली माझ्यापुढे धरली. सुरेख होती. मी तिची बोटं धरून उजेडात पाहिली. दोन्ही अंगठे, त्यांच्या शेजारची दोन-दोन बोटं, सगळी पुन्हा गुळगुळीत. महिनाभर रिकामी राहिलेली कातडी नरम पडली होती. एका टोपलीत साफ घासली गेली. मला रागवायचं होतं. पण काय म्हणून रागावणार? आमच्याकडे कोणीही कोणाच्या दारात हात हलवत जात नाही. माझ्या पिशवीतही साहेबासाठी तांदूळ होते.

वकिलातीत एक गोरी, तरुण बाई होती आणि शेजारी हिंदी बोलणारा कर्मचारी. माझं काम मिनिटभरात झालं. मग बाईने उजवी तर्जनी ठेवली. नाही. डावी. नाही. अंगठे. नाही. कर्मचाऱ्याने काच पुसली, बाईची बोटं ओल्या कपड्याने पुसली, पुन्हा ठेवायला लावली. मशीन काही बोलेना. मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात हिंदी सुरू केली: हे हात म्हणजे कला आहे, हे हात म्हणजे जंगल आहे. कर्मचारी म्हणाला, ‘‘भाईसाब, आप बैठ जाइए.’’ मी बसलो. बायकोने माझा सदरा मागून धरून ठेवला, पुन्हा उठू नये म्हणून.

बाई आपल्याच हातांकडे पाहत होती. मग हळूच तिने डाव्या हाताची करंगळी वर केली. कर्मचाऱ्याने तत्परतेने बाथरूमचा दरवाजा दाखवला.

‘‘नाई जी,’’ बाई म्हणाली, ‘‘हे बोट. हे काईच काम करत नाई.’’

विणताना ती डावी करंगळी नेहमी वर उचलून धरते, मी हजारदा पाहिलं होतं. कर्मचाऱ्याने गोऱ्या बाईला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, चालेल, कोणतंही बोट चालेल, फक्त नोंद करू. करंगळी काचेवर टेकली. मशीनवर हिरवा दिवा लागला. उजवी करंगळी थोडी कुरकुरली, पण तीही उमटली.

बाईने टोपली पुढे केली. गोऱ्या बाईने दोन्ही हात छातीशी नेले. भेट घेता येत नाही, नियम आहे. बाईला ते पटलं नाही. ती म्हणाली, ‘‘तुले नाई देत, टेबलाले देते,’’ आणि टोपली टेबलावर ठेवून निघाली. दारातून मी मागे वळून पाहिलं. कर्मचारी टोपलीत पेनं ठेवत होता. तांदूळ मी परत आणले.

काही दिवसांनी माझ्या दुकानात, ग्राहकांच्या बाकावर बसून, बाईने कार्ड घालून, आकडे दाबून कंपनीवर सही केली. मालकीण म्हणून तिचं नाव लागलं. वर्गाची यादी लागली त्यातही. माझी छापलेली कार्डं बायकोने दुकानातल्या लंगड्या टेबलाखाली सरकवली आहेत. टेबल आता हलत नाही.

हिवाळ्यात आंब्याखाली पहिला धडा झाला. मोबाइल मी धरला होता, मागे सगळी ग्रामसभा बसली होती, आणि पडद्यावर चौकटीचौकटीत गोऱ्या बाया हातात कामट्या घेऊन. त्यातल्या एकीने विचारलं, तुम्ही ते शेवटचं बोट असं वर का धरता? मी उत्तर द्यायला घसा साफ केला, पण बाईने मला थांबवलं. तिला स्वतःच सांगायचं होतं. मी फक्त इंग्रजी करायचं.

‘‘सांगा तिले,’’ ती म्हणाली, ‘‘ते बोट कामाचं नाई. ते ऑफिसचं हाये.’’