पेन्सिलीतले अडतीस तास

शाळेने माझ्या मुलीला अडतीस तासांना फसवलं, आणि तेही इंदुरातल्या सगळ्यात प्रामाणिक माणसाच्या हातून. त्या शाळेत समाजसेवेचे चाळीस तास भरल्याशिवाय बारावीच्या परीक्षेचं प्रवेशपत्र देत नाहीत. त्या तासांची नोंद ठेवणारे सर म्हणजे चालतंबोलतं घड्याळ. मुलगी दर रविवारी शहराबाहेर हातोदला लहान मुलांना वाचायला शिकवायची. बसमध्ये फिजिक्सची गणितं सोडवायची आणि परतताना पलासियाला थेट क्लासला जायची. जाण्यायेण्याचा वेळ सर धरत नसत. चहाची दहा मिनिटं कापत. एकदा स्कूटरवरून अचानक तिथे पोचले, शेवटच्या रांगेत पोरांसोबत मांडी घालून बसले आणि पाऊण तास कापून आले. का, तर पोरं फार हसत होती. "मजा आली ना बेटा? मग ती सेवा कशी?"

मी बडा गणपती चौकात फुटपाथवर साड्या विकत विकत दुकानापर्यंत आलेला माणूस. घासाघीस केल्याशिवाय कोथिंबीरही घेत नाही. म्हटलं, "सर, अर्धा तास तरी सोडा, तुमचंही राहू द्या, आमचंही." ते म्हणाले, "भिया, तुम्ही साडी आखूड विकता का?" उभ्या आयुष्यात घासाघिशीत मला हरवणारा हा एकच.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे पेन्सिल. चाळीस पूर्ण होईपर्यंत नोंद पेन्सिलीत. शाई आणि सही एकदम शेवटी. अडतीस झाले आणि सर रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी मी हात जोडले, "शाई फिरवा हो!"

"दोन बाकी आहेत, भिया. पक्कं कसं करू?" आणि गळ्यातल्या हारासकट घरी गेले.

नव्या मॅडमनी वही बघून सांगितलं, "अंकल, पेन्सिल का रेकॉर्ड नहीं चलेगा." पुन्हा चाळीस तास, आणि परीक्षा महिन्यावर! मी सरांच्या घरी जाऊन तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, खिशाला पेन लावलं आणि माझ्या आधी शाळेच्या फाटकाशी पोचले. वर्षानुवर्षं त्यांना सलाम ठोकणाऱ्या चौकीदाराने आधार कार्ड मागितलं. "बरोबर आहे, नियम आहे," म्हणत सर ते आणायला उन्हातून परत निघाले. मागून त्यांची मान फार बारीक दिसली.

या माणसावर मला आता धड रागावताही येत नाही. म्हणून प्रिन्सिपलसाहेब, तुम्हाला विचारतो. हातोदची पोरं वाचायला लागली आहेत, जाऊन बघा. त्यांना कोणी शिकवलं? माझ्या मुलीचे अडतीस तास गेले कुठे? उत्तर मॅडमचं नको, तुमचं हवं.