वेंडेल प्रुसाकचा क्लोजअप

वेंडेल प्रुसाक पडद्यावर त्रेचाळीस वेळा मेला होता. एकतीस वर्षांत शेरीफ, दारुडा, चोर, पाद्री सगळं करून झालं. हॉलिवूडशेजारच्या बरबँकच्या दुकानांत लोक त्याचा चेहरा ओळखत, नाव मात्र कुणाला आठवत नसे. त्याचं त्याला काही वाटत नसे. एकदाच, एका अख्ख्या प्रसंगात, कॅमेरा आपल्या तोंडावर असावा एवढंच त्याला हवं होतं. साठी उलटल्यावर एका टीव्ही मालिकेत तो प्रसंग मिळाला: मुलाला घराबाहेर काढणाऱ्या बापाचा. मुलाच्या भूमिकेत होता गॅरेट लाइल, मालिकेचा नायक आणि पक्का आपमतलबी.

रीत अशी, की आधी नायकाचा क्लोजअप. तेव्हा समोरच्याने कॅमेऱ्यामागे उभं राहून आपले संवाद म्हणायचे. मग समोरच्याची पाळी आली की नायकाने तसंच उभं राहायचं. वेंडेलने अकरा टेक जीव तोडून दिले. त्याच्या आवाजावर गॅरेट खरोखरीचा रडला. टाळ्या पडल्या, त्या गॅरेटला.

कॅमेरा वेंडेलकडे वळला, तर गॅरेट तोंड पुसत निघालेला.

"माझा क्लोजअप राहिलाय," वेंडेल म्हणाला.

"नॅडीन वाचेल की माझं. तुला नुसतं चिडायचंय, म्हाताऱ्या. ते तर तुला रोजच जमतं."

नॅडीन ही पटकथेची वही सांभाळणारी बाई. तिने मुलाचे संवाद किराण्याची यादी वाचावी तसे वाचले. वेंडेलच्या डोळ्यांपुढे मुलगा उभाच राहीना. दोन टेकमध्ये काम उरकलं. इतक्या वर्षांची आस मातीत गेली आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी कळलं, गॅरेटचं चित्रण खराब निघालंय, पुन्हा करायचं. वेंडेल वेळेवर आला, कॅमेऱ्यामागे ठरलेल्या खुणेवर उभा राहिला आणि आपले संवाद हुबेहूब नॅडीनसारखे वाचले. एक अक्षर चुकवलं नाही. गॅरेटच्या डोळ्यांत टिपूस येईना. सातव्या टेकला तो भडकला.

"मुद्दाम करतोयस तू. कालच्यासारखं कर ना."

"काल मी तुला बाप दिला," वेंडेल म्हणाला. "तू मला मुलगा दिलास का?"

दिग्दर्शकाने त्याला बाजूला घेऊन आधी समजावलं, मग पुढच्या भागात बापालाच मारून टाकू म्हणून धमकावलं. वेंडेलने परत येऊन आठव्या टेकलाही तसंच सपाट वाचलं.

शुक्रवारी पटकथेची नवी पानं आली. बाप जिन्यावरून पडून मरतो, मुलगा चादरीने झाकलेल्या प्रेतापाशी रडतो. वेंडेल मुकाट्याने चादरीखाली जाऊन पडला. गॅरेटला शेवटी ग्लिसरीन घालून रडावं लागलं. वेंडेल ते ऐकत निपचित पडून होता. चव्वेचाळीस मरणांत हेच त्याला सगळ्यांत आवडलं.